मकरानसमोरची वायूची बेटे : १९४५ चा भूकंप आणि सागरतळाचे दप्तर

१.
२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, मकरान किनाऱ्यालगत, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आठच्या सुमारास त्याच्या लाटा मुंबईला येऊन धडकल्या. नांगरलेल्या होड्या दोर तोडून वाहत गेल्या, माणसे बुडाली. तिकडे मकरानसमोरच्या समुद्रात रातोरात नवी बेटे उगवली आणि त्यांतून निघालेल्या वायूने पेट घेतला. मुंबईच्या आठवणीतून हा दिवस जवळजवळ पुसला गेला. समुद्राच्या तळाने मात्र त्याची नोंद जपून ठेवली होती. ती नोंद कोणी, कशी वाचली, त्याविषयी हा दीर्घ धागा.

२.
आधी भूगोल. कराचीच्या पश्चिमेपासून होर्मुझच्या सामुद्रधुनीपर्यंत पसरलेला रुक्ष, डोंगराळ किनारा म्हणजे मकरान. आज त्याचा पूर्व भाग पाकिस्तानच्या बलुचिस्तानात आणि पश्चिम भाग इराणमध्ये आहे. ओरमारा, पसनी, ग्वादर ही त्याची जुनी बंदरे. हा प्रदेश आपल्याला वाटतो तितका परका नाही. सिंध आणि कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होते. कराची, मकरान आणि मस्कत यांच्याशी मुंबईचा जलमार्गाने नित्याचा व्यवहार चाले. तेथे समुद्र हलला, की त्याची लाट इकडे पोहोचणे स्वाभाविकच होते.

३.
या किनाऱ्याखाली काय चालले आहे? अरबी समुद्राचा तळ ज्या भूपट्टावर आहे, तो वर्षाला सुमारे ४ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत युरेशियाच्या पट्टाखाली शिरतो आहे. त्याच्या पाठीवर नद्यांनी कोट्यवधी वर्षे आणून टाकलेला गाळ आहे. काही ठिकाणी या गाळाची जाडी ७ किलोमीटरपर्यंत भरते. पट्ट खाली जातो. गाळ मात्र सगळाच्या सगळा त्याच्याबरोबर जात नाही. फावड्याने माती ओढताना पात्यापुढे तिचे ढीग साचावेत, तसा तो खरवडला जातो आणि त्याच्या घड्या पडतात. समुद्राखालच्या डोंगररांगा आणि किनाऱ्यावरच्या टेकड्या या अशाच घड्या आहेत.

४.
या गाळात मेलेल्या सूक्ष्म सागरी जीवांचे अवशेष मिसळलेले असतात. गाळाच्या खोल थरांत प्राणवायू पोहोचत नाही. तेथे राहणारे सूक्ष्मजीव त्या अवशेषांचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. भाताच्या खाचरात, गाईच्या पोटात आणि गोबर गॅसच्या टाकीत जे घडते, तेच येथे शेकडो मीटर गाळाखाली घडत असते. गाळ दाबला जातो, तसतसा वायू आणि पाणी भेगांतून वर येऊ पाहतात. सागरतळावर जेथे हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, त्या जागेला आपण वायुपाझर म्हणू.

५.
कधी कधी वायूचा जोर एवढा वाढतो, की तो पाण्याबरोबर बारीक चिखलही वर उचलून आणतो. हा चिखल साचून शंकूसारखी टेकडी तयार होते. तिला ‘चिखलाचा ज्वालामुखी’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. येथे लाव्हा नसतो आणि चिखल बहुधा थंडच असतो. बाहेर पडणाऱ्या वायूत मात्र मिथेन मुख्य असतो, म्हणून ठिणगी मिळाली तर तो जळतो. समुद्रतळावरचा पाझर, समुद्रातून उगवणारे बेट आणि किनाऱ्यावरची चिखलाची टेकडी ही एकाच कुटुंबातली भावंडे आहेत, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

६.
यांतल्या किनाऱ्यावरच्या भावंडाशी आपल्या लोकांची ओळख फार जुनी आहे. हिंगोल नदीच्या खोऱ्यात हिंगलाज मातेचे स्थान आहे. ते शक्तिपीठांत गणले जाते, नाथपंथीयांच्या यात्रेत त्याला मोठे महत्त्व आहे आणि महाराष्ट्रातील भावसार समाजाची ती कुलदेवता आहे. हिंगलाजला जाणारा यात्रेकरू आधी एका राखी रंगाच्या टेकडीपाशी थांबतो. तिच्या माथ्यावर पातळ चिखलाचे कुंड आहे आणि त्यात सतत बुडबुडे फुटत असतात. तिचे नाव चंद्रगुप. हा मकरानमधला सर्वांत प्रसिद्ध चिखलाचा ज्वालामुखी होय.

७.
परंपरा अशी, की यात्रेकरूंनी चंद्रगुपच्या काठावर उभे राहून आपली पापे मोठ्याने कबूल करायची, नारळ आणि रोट अर्पण करायचा आणि कुंडातील चिखल उसळण्याची वाट पाहायची. चिखल उसळला, की देवाने पुढे जाण्याची अनुज्ञा दिली. इतिहासाच्या दृष्टीने या विधीचे मोल वेगळे आहे. मिथेन हे नाव जगाला ठाऊक नव्हते, तेव्हापासून माणसे येथे जमिनीच्या श्वासाकडे लक्षपूर्वक पाहत होती. चिखल रोज सारखा उसळत नाही, कधी तो स्वस्थ असतो तर कधी खवळतो, हे निरीक्षण त्या विधीतच सामावलेले आहे.

८.
युरोपीय शास्त्रालाही हा वायू उमगला तो गाळ ढवळूनच. १७७६ च्या नोव्हेंबरात आलेस्सांद्रो व्होल्टा इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी, उथळ पाण्यातला गाळ काठीने ढवळत होते. वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत पकडले आणि ते पेटतात हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी या ‘दलदलीतल्या ज्वलनशील हवे’वर पत्ररूपाने पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर काही दशकांनी, १८४० साली, मुंबई फौजेतील कॅप्टन हार्ट यांचा कराची ते हिंगलाज या प्रवासाचा वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. यात्रेकरूंच्या वाटेवरचे हे स्थान अशा रीतीने छापील विद्वत्तेच्या कक्षेत आले.

९.
आता पुन्हा १९४५ कडे. भूकंप पहाटेचा, लोक झोपेत. पसनी आणि ओरमारा यांना धक्का तर बसलाच, मागोमाग समुद्रही आत आला. पसनी गावाची फार मोठी हानी झाली. समुद्रतळावरून गेलेली तारायंत्राची केबल तुटली. तळावरचा गाळ घसरून प्रचंड वेगाने खोल समुद्राकडे वाहिला, की अशा केबली तुटतात. म्हणजे तळावर काय उलथापालथ झाली होती, याचा पहिला निरोप तुटलेल्या तारेनेच दिला होता. तो निरोप त्या वेळी कोणी तसा वाचला नाही.

१०.
मुंबईत लाट पोहोचली तेव्हा दिवस वर आला होता. वर्सोवा, जुहू, दांडा आणि हाजी अली या भागांत होड्या वाहून गेल्याचे आणि माणसे बुडाल्याचे वृत्तांत आहेत. लाटेची उंची काही वर्णनांत सुमारे २ मीटर सांगितली जाते. आपल्या सुदैवाने केवळ आठवणींवर विसंबून राहण्याची वेळ नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची यंत्राने नोंद होत आली आहे. २०११ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी कराची आणि मुंबई येथील १९४५ च्या अशा नोंदी नव्याने तपासल्या. उथळ किनारपट्टीत लाटा अडकून पडल्या आणि समुद्र दीर्घकाळ हेलकावत राहिला, असे त्यांना दिसले.

११.
यातला एक धडा व्यवहाराचा आहे. अशा प्रसंगी पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असे नाही. पहिली ओसरली म्हणून किनाऱ्यावर परतणारा माणूस पुढच्या लाटेच्या तावडीत सापडतो. कराचीच्या कागदावर उमटलेली रेषा हेच सांगते. भरतीमापकाचा कागद म्हणजे इतिहासाचे साधनच. त्याला भाषा नाही आणि पक्षपातही नाही. मर्यादा मात्र आहे. ते यंत्र ज्या बंदरात उभे होते तेथलेच पाणी त्याने मोजले. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात काय झाले, हे त्या कागदावरून कळणार नाही. त्यासाठी माणसांच्याच आठवणींकडे जावे लागते.

१२.
मृतांचा आकडा पाहा. अनेक ग्रंथांत आणि संकेतस्थळांवर ‘४,००० मृत’ असे लिहिलेले आढळते. मकरानची त्या काळची विरळ वस्ती लक्षात घेतली, तर हा आकडा खटकतो. अलीकडच्या अभ्यासकांनी समकालीन वृत्तपत्रे आणि सरकारी कागद चाळून तो बराच खाली आणला आहे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले, तिसऱ्याने त्यालाच पुरावा मानले. बखरींच्या बाबतीत आपण ज्या चुकीबद्दल नेहमी सावध असतो, ती विज्ञानाच्या पुस्तकांतही होते. आकडा कितीही वेळा छापला गेला तरी त्याचे मूळ एकच असू शकते.

१३.
एवढी मोठी घटना विसरली कशी गेली? काळ पाहिला, की उत्तर सापडते. महायुद्ध संपून तीनच महिने झाले होते. ५ नोव्हेंबरपासून दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला होता आणि साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले होते. पुढे दोन वर्षांत फाळणी झाली. मकरान संस्थान १९४८ साली पाकिस्तानात विलीन झाले. ग्वादर तर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडे होते. एका भूकंपाचे कागद अशा रीतीने मुंबई, कराची, मस्कत, तेहरान आणि लंडन येथे विखुरले गेले. घटना एकच होती. दप्तरांची मात्र वाटणी झाली.

१४.
तरीही दोन भारतीयांनी वेळेवर लेखणी उचलली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांनी खात्याच्या शास्त्रीय टिपणांतून या भूकंपाचा आढावा घेतला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे व्ही. पी. सोंधी यांनी १९४७ साली ‘इंडियन मिनरल्स’ या नियतकालिकात भूकंपावर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच नव्या बेटांच्या जन्माचा उल्लेख केला. समुद्रातून वर आलेला चिखल, बाहेर पडणारा वायू, आकाशात दिसलेल्या ज्वाला या गोष्टी आज आपल्याला ठाऊक आहेत, त्या अशा समकालीन नोंदींमुळे.

१५.
ती बेटे आज कोठे आहेत? कोठेही नाहीत. ती खडकाची नव्हतीच. खालून रेटलेल्या मऊ चिखलाचे ते उंचवटे होते. लाटांनी ते हळूहळू धुऊन नेले. मात्र खालची वाट बुजली नव्हती. मार्च १९९९ मध्ये हिंगोल परिसरासमोरच्या समुद्रात पुन्हा एक बेट वर आले आणि गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये तसेच घडले. या वेळी उपग्रहांनी त्याची छायाचित्रे टिपली. म्हणजे बेट हे क्षणिक आणि पाझर टिकाऊ. इतिहासकाराच्या हाती लागते ते बेट. खरी कथा मात्र खालच्या पाझराची आहे.

१६.
त्या पाझरापर्यंत पोहोचायला जहाजे लागली. १९९० च्या दशकात ‘झोने’ या जर्मन संशोधन जहाजाने मकरानसमोर अनेक मोहिमा केल्या. बुडबुड्यांचा शोध घेण्याची रीत सुटसुटीत आहे. जहाजावरून ध्वनी पाण्यात सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. पाण्यातून ध्वनी सरळ जातो, वायूच्या बुडबुड्यावरून तो जोरात परततो. त्यामुळे पडद्यावर तळापासून वर चढणारी ज्योतीसारखी आकृती उमटते. या संशोधकांनी तळावरून चुनखडीचे कठीण थर वर आणले. ते वायुपाझराच्या जागी, मिथेनमधल्या कार्बनपासून तयार झाले होते. पाझर कालचा नव्हे, फार जुना असल्याचा तो दगडी पुरावा होता.

१७.
२००७ साली ‘मेटेऑर’ हे दुसरे जर्मन जहाज येथे आले. दूरनियंत्रित पाणयानाच्या दिव्यांत संशोधकांनी तळ प्रत्यक्ष पाहिला. सुमारे ५७५ मीटरपासून २,८७० मीटरपर्यंतच्या खोलीवर त्यांना पाझर सापडले. एवढ्या खोलीवर दाब प्रचंड आणि पाणी गार असते. तेथे मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा एक पदार्थ बनतो, त्याला मिथेन हायड्रेट म्हणतात. वर निघालेल्या बुडबुड्यावरही या पदार्थाचे पातळ कवच चढते. त्याच्या आधाराने तो बराच वर जातो, पण वाटेतच पाण्यात विरघळतो. म्हणून वरून जाणाऱ्या खलाशाला खालच्या या हालचालींची चाहूलही लागत नाही.

१८.
वायू विरघळण्यापूर्वी, गाळातच, त्याला एक चौकी ओलांडावी लागते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. ते गाळात वरून खाली झिरपते. मिथेन खालून वर येतो. दोघांची भेट होते त्या थरात सूक्ष्मजीवांच्या दोन जाती जोडीने राहतात. एक मिथेन खाते, दुसरी सल्फेट वापरते. एकटी असेल तर दोघींचेही भागत नाही. २००० साली आन्ये बोएटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरच्या पाझरातून ही जोडी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दाखवली. गाळातून वर येणारा बहुतेक मिथेन या चौकीवरच संपतो. जोरदार पाझर असेल तेथे मात्र काही वायू निसटतो.

१९.
आपल्या कथेचा गाभा याच थरात आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. गाळातील पाण्यात बेरियम नावाचे मूलद्रव्य विरघळलेले असते. खाली, जेथे सल्फेट संपलेले असते, तेथे ते विरघळलेलेच राहते. वर सरकून सल्फेटला भेटले, की दोहोंचा संयोग होऊन बॅराइट या खनिजाचे कण तयार होतात. म्हणून भेटीच्या थराच्या किंचित वर बॅराइटचा पट्टा साचत जातो. भेटीची जागा स्थिर असेल तर एकच पट्टा दाट होत राहतो. खालून येणारा मिथेन अचानक वाढला, तर भेटीची जागा वर सरकते आणि नवा पट्टा नव्या जागी साचू लागतो.

२०.
म्हणजे नव्या पट्ट्यात किती बॅराइट साचले आहे, हे मोजले आणि ते वर्षाला किती साचते, हे ठरवता आले, तर पट्टा साचू लागून किती वर्षे झाली, याचा हिशेब मांडता येतो. ‘मेटेऑर’ने २००७ मध्ये मकरानसमोरच्या ‘नेसंट रिज’ या पाण्याखालच्या डोंगररांगेवरून गाळाचे उभे नमुने काढले होते. लांब नळी तळात रुतवायची आणि थरांचा क्रम न मोडता गाळ वर आणायचा, अशी ही पद्धत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटेल. दप्तरातील कागदांचा क्रम बिघडू न देता गठ्ठा उचलावा, तसेच हे काम.

२१.
डेव्हिड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नमुन्यांचा हिशेब मांडला. उत्तर आले ते असे, की या जागी मिथेनचा ओघ विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अचानक वाढला. त्या काळात या परिसराला हादरवणारी मोठी घटना एकच : १९४५ चा भूकंप. धक्क्याने गाळात भेगा पडल्या, अडकून राहिलेल्या वायूला वाट मिळाली आणि पुढे कित्येक दशके तो झिरपत राहिला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जुलै २०१३ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. मुंबई जो दिवस विसरली होती, तो समुद्रतळाने बॅराइटच्या कणांत लिहून ठेवला होता.

२२.
निबंध प्रसिद्ध होऊन दोन महिनेही झाले नव्हते. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानातील आवारान जिल्हा ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. मातीच्या घरांखाली सापडून आठशेहून अधिक माणसे मरण पावली. त्याच दिवशी ग्वादरसमोरच्या समुद्रात लोकांच्या डोळ्यांदेखत एक बेट वर आले. लोकांनी त्याला ‘झलझला कोह’ म्हणजे भूकंपाचा डोंगर असे नाव दिले. उत्सुक मंडळी होड्या घेऊन गेली. संशोधकही पोहोचले. चिखलातून वर येणारे बुडबुडे काडी लावताच पेटले. अडुसष्ट वर्षांपूर्वीच्या ज्या ज्वालांविषयी आपण जुन्या नोंदींतून वाचतो, त्यांचे छोटे रूप पुन्हा दिसले.

२३.
हेही बेट टिकले नाही. लाटांनी ते झिजवले आणि २०१६ च्या अखेरीस ते पाण्याखाली दिसेनासे झाले. त्यानंतरही त्या जागेवरून गाळाचे पुसट पट्टे वाहताना उपग्रहचित्रांत दिसत राहिले. परंतु या बेटाने अभ्यासकांना सावधही केले. आवारानचा भूकंप जमिनीवरचा होता आणि बेटापासून सुमारे ३८० किलोमीटर दूर होता. एवढ्या अंतरावरचा हादराही आधीच तट्ट फुगलेल्या पाझराला पुरला. १९९९ आणि २०१० ची बेटे तर अशा महाभूकंपावाचूनच वर आली होती.

२४.
म्हणून प्रश्न विचारायला हवा : बेट हा साक्षीदार आहे, पण नेमका कशाचा? बेट उगवले म्हणजे जवळच भूकंप झाला, असे म्हणता येत नाही. वायूचा ओघ वाढला, एवढेच ते निश्चितपणे सांगते. बॅराइटच्या पट्ट्याचेही तसेच आहे. तो बदल केव्हा झाला ते सांगतो. का झाला ते सांगत नाही. कारण ठरवण्यासाठी पेंडसे आणि सोंधी यांची टिपणे, भरतीमापकाची रेषा, तुटलेली केबल आणि लोकांच्या आठवणी लागल्या. १९४५ ही तारीख आधीच लिहिलेली होती, म्हणूनच गाळातील पट्ट्याला तिच्याशी जोडता आले. कागदावाचून तळ अर्धा मुका आहे.

२५.
उलट दिशेनेही तेच खरे. कागद संपतात तेथे तळ बोलू शकतो. पूर्व मकरानच्या जुन्या भूकंपांविषयी लेखी उल्लेख फार तुटपुंजे आहेत. १७६५ आणि १८५१ या वर्षांची नोंद मिळते, तीही त्रोटक. त्यापूर्वी १९४५ सारखे तडाखे किती वर्षांच्या अंतराने बसत होते? याचे उत्तर मुंबईसाठी आणि साऱ्या कोकणासाठी निव्वळ कुतूहलाचे नाही. भारताच्या किनाऱ्याला मोठ्या त्सुनामीचा धोका मुख्यतः दोन ठिकाणांहून संभवतो : पूर्वेला अंदमान-सुमात्रा आणि पश्चिमेला मकरान. २००४ च्या आपत्तीनंतर हैदराबादला उभारलेले इशारा केंद्र २००७ पासून या दोन्ही क्षेत्रांवर नजर ठेवून आहे.

२६.
मग आपल्या कोकणासमोरही असा वायू आहे का? आहे, पण प्रकार वेगळा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ साली पूर्व अरबी समुद्रातील वायूने भारलेल्या उथळ गाळाविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. २००६ मध्ये भारताच्या हायड्रेट शोधमोहिमेने कोकण-केरळपासून अंदमानपर्यंत तळ खोदून पाहिला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर मिथेन हायड्रेटचे जाड थर सापडले. मात्र कोकणासमोर मकरानसारखी एका पट्टाने दुसऱ्याखाली शिरण्याची क्रिया चालू नाही. त्यामुळे मालवण किंवा अलिबागसमोर उद्या जळते बेट उगवेल, अशी भीती पसरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

२७.
आणखी एक गैरसमज दूर करू. मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट प्रभावी ठरतो. तेव्हा ‘समुद्रच मिथेन सोडतो, माणसाला दोष कशाला?’ असे काही जण म्हणतात. आपण वर पाहिले, की खोल पाझरांचा वायू आधी गाळातील चौकीवर आणि मग पाण्यात संपतो. हवेपर्यंत त्याचा अल्प अंश जातो. हे पाझर माणसाच्या कितीतरी आधीपासून वाहत आहेत. गेल्या अडीचशे वर्षांत हवेतील मिथेन अडीच पटींहून अधिक वाढला, त्याचे मुख्य कारण आपली शेती, पशुपालन, कचरा आणि इंधने हे आहे.

२८.
शेवटी, हा धागा वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांसाठी एक काम. २९ नोव्हेंबर १९४५ नंतरच्या आठवड्यांतली मराठी आणि गुजराती वृत्तपत्रे ग्रंथालयांत शोधा. वर्सोवा, दांडा, जुहू, उत्तन, तसेच रायगड आणि रत्नागिरीच्या कोळीवाड्यांत नव्वदी ओलांडलेली माणसे असतील, तर त्यांना त्या सकाळविषयी विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय, गाव आणि त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे अवश्य नोंदवा. समुद्रतळातला पट्टा आणखी शंभर वर्षांनीही तेथेच असेल. ही माणसे नसतील. १९४५ च्या दप्तरातला हा एकच गठ्ठा असा आहे, की जो आपण आज बांधला नाही, तर पुन्हा बांधता येणार नाही.